मास्तरांच्या वहीतलं मांजराचं माप

उसवमास्तरांकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसलेले होते. समोर स्टुलावर एक भरदार गृहस्थ उभे, आणि मास्तर त्यांच्या पायाशी पँटची पट्टी दुमडून टाचण्या लावत होते. गृहस्थांच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"मागच्या खेपेला तुम्ही चार दिवस लावलेत. त्याच्या मागच्या खेपेला सहा. या गुरुवारी मला ही पँट घालून भाषण करायचंय. मिळेल ना गुरुवारी?"

मास्तरांच्या ओठांत पाच-सहा टाचण्या होत्या. "हं," ते म्हणाले.

"हं म्हणजे हो की नाही?"

"हं."

इस्त्रीच्या टेबलावर एक करडं मांजर पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. त्याने गृहस्थांकडे पाहिलं आणि थेट दाढा दिसतील अशी सावकाश जांभई दिली.

"बरं बरं, म्हणजे गुरुवारी," असं म्हणून गृहस्थ खाली उतरले, जणू मांजरानेच शब्द दिला होता. पँट गुरुवारी सकाळी तयार होती.

मास्तरांचं हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. दुकान वडिलांचं. वडील कोट शिवायचे, सूट शिवायचे. मास्तरांच्या हाती दुकान आलं आणि लोक तयार कपडे घेऊ लागले. मग राहिलं काय, तर घेतलेले कपडे अंगाला बसते करून देणं. कमरेत सैल, बाहीत आखूड, गणवेशाची पँट दरवर्षी दोन बोटं लांब. गिऱ्हाइकासाठी नवं कापड कापून मास्तरांना वीसएक वर्षं झाली असतील. दिवसभर ते उसवत असायचे, म्हणून उसवमास्तर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "शिवायला काय, मशीनही शिवते. उसवायला माणूस लागतो," असं ते एकदा म्हणाले होते. त्यांच्या मानाने हे फार मोठं भाषण होतं.

खरं तर एवढ्या टाचण्या तोंडात धरायची गरज नव्हती. मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली असे. पण गिऱ्हाईक दारात दिसलं की मास्तर आधी टाचण्या ओठांत घेत. समोरचा किल्लीवाला त्यांचा एकुलता एक म्हणावा असा मित्र. तो म्हणायचा, "मास्तर, लोक दाराला कुलूप लावतात, तुम्ही तोंडाला. याची किल्ली काही माझ्याकडे बनत नाही बुवा."

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे, एकटे. दुकानामागे एक खोली, खोलीत पलंग, शेगडी आणि वडिलांची कपड्यांची पेटी. एक धाकटी बहीण, दूर दुसऱ्या शहरात. ती दर रविवारी फोन करते. दुकानाच्या मागच्या भिंतीशी एक लांब दांडी, आणि त्या दांडीवर लोक न्यायला न आलेले कपडे. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली: काय काम, कोणत्या वारी दिलं, फोन असेल तर नंबर. काही चिठ्ठ्यांची शाई उडून गेली होती. पण मास्तरांनी कधी कुणाला फोन केला नाही. "ज्याचं आहे तो येतो," हा वडिलांचा नियम. वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या मागे धावणारा शिंपी आणि पोरीच्या मागे धावणारा पोरगा, दोघांचीही किंमत जाते.

या नियमाला एकदा पुरावाही मिळाला होता, आणि तिथेच घात झाला. एक माणूस तब्बल अकरा वर्षांनी पँट न्यायला आला. म्हणाला, परदेशी होतो, आज या रस्त्यावरून जाताना आठवलं. पँट दांडीवर होतीच. मधल्या काळात माणूस सुटला होता, बटण लागेना. मास्तरांनी शिवणीत दीड इंच जादा कापडाची माया ठेवलेली होती. तिथल्या तिथे कमर उसवून, वाढवून त्यांनी पँट त्याच्या हातात दिली. माणूस थक्क होऊन गेला. एरवी मुके असणारे मास्तर ही गोष्ट मात्र टाचण्या बाजूला काढून सांगत.

मांजरही त्यांच्याकडे असंच आलं, सहा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी. चिंध्यांच्या पोत्यात काहीतरी हललं, बघतात तर मुठीएवढं पिल्लू. डाव्या कानाला काजाएवढी चीर. कुणीतरी कपड्यांच्या पिशवीतून चुकून आणलं असणार, असं मास्तरांनी ठरवलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली: "पिल्लू, करडं, मंगळवार". ती पिल्लाला टाचणं शक्य नव्हतं, म्हणून खणात ठेवली. महिना गेला, वर्ष गेलं. न्यायला कुणी आलं नाही. पिल्लाने तोवर दुकानातल्या सगळ्या टेबलांच्या पायांना नखं मारून झाली होती, आणि किल्लीवाल्याने त्याचं नाव टाचणी ठेवून टाकलं होतं. टाचणीचं ऑपरेशन झालं तेव्हा जखम चाटू नये म्हणून मास्तरांनी तिला मऊ सुताचं झबलं शिवलं. टेप लावून माप घेतलं आणि वहीत दोन गिऱ्हाइकांच्या मधे रीतसर लिहिलं: गळा नऊ, छाती साडेचौदा, लांबी तेरा. सबंध वहीत नव्या कपड्याचं माप तेवढं एकच.

तिची बसायची जागा ठरलेली. मास्तर मशीनवर बसले की ती त्यांच्या उजव्या पावलावर येऊन बसायची, पेडलवरच्या. मास्तरांचा पाय तिचं वजन तोलून पेडल दाबायला शिकला होता.

ती गेली त्या मंगळवारी फार उकडत होतं. इस्त्रीची वाफ कोंडली म्हणून मास्तरांनी मागची खिडकी उघडली. टाचणीच्या गळ्यातला पट्टा त्या आधी आठवडाभर खणात पडून होता. त्याची शिवण उसवली होती. पट्ट्याला दुकानाचा नंबर लिहिलेली चकती होती. मास्तरांनी तो दुरुस्तीला काढला, पण गिऱ्हाइकांची कामं आधी, घरचं नंतर. दुपारी पाहिलं तर टेबलावर मांजर नव्हतं.

किल्लीवाला संध्याकाळी डोकावला. "मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून उंदरांनी सभा भरवली होती म्हणे. आणि तुम्ही बांधलेला पट्टा सोडून ठेवलात! बघून येऊ या का मागच्या गल्लीत?"

"येईल," मास्तर म्हणाले.

त्यांनी खिडकी उघडी ठेवली. बशीत दूध ठेवलं, सकाळी ओतून दिलं, ताजं ठेवलं. मशीनवर बसले तर काम अडखळू लागलं. पावलावर वजन नव्हतं, पाय मात्र वजन असल्यासारखाच उचललेला राहायचा, आणि टीप मधेच थांबायची. एका बाईंच्या झग्याची शिवण त्यांना तीनदा उसवावी लागली. दुकान बंद केल्यावर ते खोलीत न जाता तिथेच स्टुलावर बसून राहत. पूर्वी या वेळी ते टाचणीला दिवसभरातल्या गिऱ्हाइकांबद्दल सांगायचे. पोट आत ओढून माप देणारे, आखूड करा म्हणून मग लांब करा म्हणणारे. दिवसभर तोंडात धरलेलं बोलणं तेव्हा बाहेर यायचं. आता सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ते टाचण्या मोजून डबीत भरत.

रविवारी बहिणीचा फोन आला.

"दादा, पाच दिवस? आणि तू शोधायला गेला नाहीस?"

"येईल गं. जिचं घर आहे ती येते."

"मांजर आहे ते, पँट नव्हे."

"अगं, तो माणूस अकरा वर्षांनी—"

"तुझं ते अकरा वर्षांचं पुराण मला सांगू नकोस! तोंडपाठ आहे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि "उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय हिचं," असं पुटपुटले. पुढच्या रविवारी मात्र बहिणीने आवाज चढवला नाही, आणि त्यानेच ते घाबरले.

"दादा, तुमच्या शहरात सापडलेल्या जनावरांचा निवारा आहे. मी पत्ता काढलाय. लिहून घे. उद्या सकाळी दुकान उघडू नकोस, तिकडे जा. बैल गेला नि झोपा केला, असं नको व्हायला."

सोमवारी मास्तर टोपली घेऊन निघाले. टोपलीत जुना टॉवेल, पट्टा आणि मापाची वही. फोटो त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या बटणांच्या फोनला फोटो काढता येत नसे.

निवारा गावाबाहेर, गोदामांच्या रांगेत. फिनेलचा वास आणि त्याखाली ओल्या कुत्र्यांचा वास. काउंटरवर चोविसेक वर्षांची मुलगी होती, बाहीवर मांजराचे केस. मास्तरांचा हात सवयीने मनगटाच्या गादीकडे गेला. गादी दुकानातच राहिली होती. तोंड मोकळं होतं, आणि आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मांजर. करडं. मादी. डाव्या कानाला काज... म्हणजे चीर."

मुलीने संगणकात पाहिलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पिंजऱ्यात मागच्या कोपऱ्याला चिकटून बसलेली टाचणी.

"हीच," मास्तर म्हणाले. ते टोपलीतला टॉवेल नीट करू लागले.

"काका, थांबा जरा. कुठून, कधी हरवली?"

मास्तरांनी दुकानाचा पत्ता सांगितला. "मागच्याच्या मागच्या मंगळवारी."

"आणि आज सोमवार." तिने बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखं तोंड केलं. "तिला बुधवारी सकाळी इथं आणलं. तुमच्या दुकानामागे ऑफिसची इमारत आहे ना, तिच्या तळघरात, एका गाडीखाली होती. रात्रभर ओरडत होती असं तिथल्या रखवालदाराने लिहून दिलंय. आम्ही सात दिवस थांबतो. मग गेल्या शुक्रवारी ती दत्तक गेली."

ती इमारत दुकानाच्या मागच्या खिडकीतून दिसते.

"गळ्यात पट्टा असता तर त्याच दिवशी फोन केला असता हो," मुलगी म्हणाली.

"पट्टा दुरुस्तीला होता."

"कुणाकडे?"

"माझ्याकडेच."

मुलगी हसणार होती, पण थांबली. तिने एक फॉर्म पुढे केला. "तक्रार म्हणून भरून ठेवा. 'मालक' इथं तुमचं नाव."

मास्तरांनी पेन उचललं आणि ते तसंच धरून ठेवलं. "मालक यायचा होता तिचा," ते म्हणाले. "चिठ्ठी आहे खणात."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"काका, मग मालक तुम्हीच की! पुरावा काय आहे तुमच्याकडे? डॉक्टरांचं कार्ड, फोटो, काहीही."

मास्तरांनी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. मुलीने वाचलं: गळा नऊ, छाती साडेचौदा, लांबी तेरा. वरच्या ओळीत कुणा साहेबांची कंबर, खालच्या ओळीत कुणा बाईंची बाही.

"हे कुठल्याही मांजराचं असू शकतं."

"नाही," मास्तर म्हणाले. या एका बाबतीत त्यांचा आवाज पक्का होता. "दोन अंगांचं माप सारखं येत नाही. कधीच नाही."

मुलीने वही मिटून परत दिली. मग म्हणाली, "कागदावर मांजर आता त्यांचं आहे. मला पत्ता देता येत नाही. पण विचारून बघते." तिने फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा खणखणीत की काउंटरच्या या बाजूलाही ऐकू येत होता.

"त्यांचं मांजर? मग पाठवा त्यांना! मी काय चोरून आणलंय? पत्ता सांगा खुशाल. तिसरा मजला आहे म्हणावं, लिफ्ट नाही, दम लागेल."

दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर. हे त्यांनी मास्तर चप्पल काढेपर्यंतच सांगून टाकलं. गुडघ्याला पट्टा, दोन्ही हातांवर ओरखडे. खोली लहान, पण खिडकी मोठी, खिडकीला नवी जाळी, आणि खिडकीत एक उशी. उशीवर ऊन पडलं होतं. मास्तरांच्या दुकानात ऊन येत नाही. समोर दुकानं, मागे इमारत.

"बसा. घाबरून कपाटाखाली गेलीय. नवा माणूस आला की जाते."

मास्तर खुर्चीवर बसले. टोपली पायाशी ठेवली. त्यांनी हाक मारली नाही. मारायची कशी हे त्यांना कळेना. सहा वर्षांत तशी वेळच आली नव्हती. दोन मिनिटांनी कपाटाखालून करडं नाक बाहेर आलं. टाचणी पावलांचा वास घेत आली, त्यांतलं उजवं पाऊल तिने निवडलं आणि त्यावर बसली.

बाई, ज्या आतापर्यंत क्षणभर थांबल्या नव्हत्या, त्या गप्प झाल्या.

"तुमचीच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्याकडे तीन दिवसांत नुसती उशीवर बसलीय. माझ्या अंगावर म्हणून आली नाही. न्या तुम्ही."

मास्तर खाली वाकून तिच्या डोक्यावरून बोट फिरवत होते.

"पण सांभाळा हं, पळपुटी आहे," बाई पुन्हा सुरू झाल्या. "परवा दूधवाला आला, दार उघडं राहिलं, आणि ही गेली की सटकन. मी तशीच घरातल्या स्लिपरवर निघाले. तीन मजले खाली, मग शेजारच्या जिन्याने वर. या गुडघ्याने! तिचं नाव मी ठेवलंय हॅलो. तीस वर्षांत तोंडात दुसरा शब्द बसला नाही, काय करणार. तर मी जिन्याजिन्यात ओरडतेय, हॅलो! हॅलो! प्रत्येक दारातून लोक बाहेर, कुणाचा फोन आलाय म्हणून. कचऱ्याच्या डब्यांमागे सापडली. तिथंच बसले तिला धरून, उठवेना मला. मग वरच्या मजल्यावरच्यांनी दोघींना वर आणलं."

त्या हसल्या. मास्तर हसले नाहीत.

"दुकानाच्या मागेच होती ती," ते म्हणाले. "तळघरात. रात्रभर ओरडत होती. मी खिडकी उघडी ठेवून बसलो होतो."

"मग शोधलं असेलच की तुम्ही."

"नाही. हाक मारली नाही मी."

बाई उठून ओट्याकडे गेल्या. त्यांनी चहा टाकला. चहा होईपर्यंत मास्तर टाचणीच्या गळ्यातला नवा लाल पट्टा बघत होते. त्यांनी त्यात बोटं घालून पाहिली. "दोन बोटं जायला हवीत. चार जातायत. डोकं निघेल यातून." त्यांनी खिशातला टेप काढला, गळा मोजला, पुन्हा मोजला. साडेआठ. तेरा दिवसांत अर्धा इंच. शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला ते नेहमी एक दोरा ओवलेली सुई खोचून ठेवत. ती काढून त्यांनी पट्टा आत घेतला, आणि आतल्या बाजूला अर्ध्या इंचाची माया ठेवली. खणातला जुना पट्टा टोपलीत होता. त्यावरची चकती सोडवून नव्याला लावली, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला बाईंचा नंबर कोरून घ्यायला किल्लीवाल्याकडे द्यावी लागेल म्हणून पुन्हा काढून खिशात टाकली. एवढं होईतो टाचणी पावलावर झोपली होती.

चहा पिऊन मास्तर उठले. पाऊल हळूच काढून घेतलं. रिकामी टोपली उचलली.

"अहो, मांजर?"

"राहू दे तुमच्याकडे. तुम्ही शोधता."

"अहो, पण... टोपली रिकामीच नेणार?"

"हं," मास्तर म्हणाले. तोंडात एकही टाचणी नव्हती.

दारापर्यंत गेल्यावर ते वळले. "नखं कोण कापतं तिची?"

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे. "काय सांगू? प्रयत्न केला. हे बघा बक्षीस."

"मी येईन," मास्तर म्हणाले.

बहिणीला हे पटलं नाही. "अरे, मांजर पायावर येऊन बसलं आणि तू सोडून आलास? काय म्हणावं तुला?" किल्लीवाल्याने चकती छान कोरून दिली. त्या आठवड्यात मास्तरांनी दांडीवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि ज्यांवर नंबर वाचता येत होते तिथे फोन केले. निम्मे नंबर लागले नाहीत. दोघांनी कपडे फेकून द्यायला सांगितलं. एक बाई म्हणाल्या, तो कोट आमच्या ह्यांचा, हे गेले, पण मी न्यायला येते. त्या आल्या आणि बराच वेळ कोट मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. मास्तरांनी तेवढा वेळ मशीन बंद ठेवली.

दुकान अजून तसंच आहे. दांडीवर कपडे कमी झालेत. मशीनवर त्यांचा पाय अधूनमधून अजून चुकतो. वहीत साडेआठच्या खाली पावणेनऊ, आणि त्याखाली नऊ असं लिहिलेलं आहे. एक गुरुवार आड दुपारी तीन ते साडेचार दुकान बंद असतं. तेव्हा उसवमास्तर तिसऱ्या मजल्यावर मांजराची नखं कापायला गेलेले असतात.